सहीचा धनी

वित्तसंस्थेच्या दारात कोणतीही नवी वस्तू प्रथम वस्तू म्हणून येत नाही. ती धोरण म्हणून येते, धोरणामागून समिती येते, समितीमागून सल्लागार येतात, सल्लागारांमागून त्यांचे देयक येते, आणि एवढा लवाजमा आत येऊन स्थिरस्थावर झाल्यावर अंदाजपत्रकात काही शिल्लक उरले असेल, तर ती मूळ वस्तू मागच्या दाराने यथावकाश आत घेतली जाते. 1960 च्या दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक आणण्याचे योजिले, तेव्हा ते यंत्र कचेरीत शिरू नये म्हणून कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी इमारतीभोवती रात्रंदिवस पहारा दिला होता. बँकांत ते शिरले ते कर्मचारी संघटनांशी 1983 साली झालेल्या करारानंतर आणि 1984 सालच्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर. आणि तेही पुष्कळ ठिकाणी 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' असे खातेवहीशी सोयरीक सांगणारे नाव धारण करून, बेताबेताने. त्या काळी यंत्राला भीत असत ते कनिष्ठ कारकून, आणि भीती ही की यंत्र येईल. आज भितात ते वरिष्ठ संचालक, आणि भीती ही की यंत्र शेजारच्या कंपनीत आधी येईल. भीतीने कारकुनाची खुर्ची सोडून संचालकाच्या खुर्चीत बढती मिळवली, एवढीच काय ती गेल्या साठ वर्षांतली प्रगती.

या नव्या यंत्राचे, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचे, मूळ प्रकरणही एका अर्जापासूनच सुरू होते. जॉन मॅकार्थी आणि त्यांचे तीन सहकारी यांनी 1955 साली रॉकफेलर प्रतिष्ठानाकडे द्रव्यसाहाय्य मागताना असे लिहिले होते की, 1956 च्या उन्हाळ्यात दहा माणसे अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयात दोन महिने एकत्र बसली, तर यंत्राकडून बुद्धीची कामे करवून घेण्याच्या प्रश्नांपैकी एखाद्या तरी प्रश्नात लक्षणीय प्रगती करता येईल. हा आशावाद वाचून मला त्या विद्वानांविषयी नितांत आदर वाटतो. कारण दहा माणसे दोन महिने एकत्र बसली म्हणजे आमच्या कंपनीत समितीचे नाव ठरते. ते 'सुकाणू समिती' ठेवावे की 'कार्यगट' ठेवावे यावर मतभेद झाला होता, आणि सुकाणू समितीच्या सभेला चहाबरोबर सँडविच मिळते, कार्यगटाला मात्र नुसती बिस्किटे, ही गोष्ट प्रशासन विभागाने निदर्शनास आणल्यावरच तो मिटला.

आमची कंपनी ट्रॅक्टरला, दुचाकीला, दुकानाला आणि घराला कर्ज देते. तिच्या शाखा तालुक्याच्या बाजारपेठेत, खताच्या दुकानाला लागून असतात आणि मुख्य कचेरी वांद्रे-कुर्ला संकुलातील एका काचेच्या इमारतीत आहे, जिथून मिठी नदी दिसते, पण कर्जदार दिसत नाही. व्यवस्थापकीय संचालक एका परिषदेहून परतले आणि 'आपले एआय धोरण काय?' असा प्रश्न त्यांनी सर्व विभागप्रमुखांना एकाच वेळी विचारला. संगणक विभागाचे प्रमुख म्हणाले, हा विषय धंद्याचा आहे. धंद्याचे प्रमुख म्हणाले, हा विषय तंत्राचा आहे. जोखीम विभागाने कळवले की, आधी कोणीतरी काही करावे, म्हणजे त्यात जोखीम किती ते आम्ही सांगू. विधी विभागाने तोंडी कळवले की, काहीही लेखी कळवू नये. अशा रीतीने चारही दिशांनी टोलवला गेलेला विषय मध्यभागी जिथे येऊन पडला, तिथे मी बसलो होतो. हयातभर वसुली विभागात काढल्यामुळे मला लोकांचे नकार ऐकण्याची सवय होती, निवृत्ती दृष्टिपथात असल्यामुळे गमावण्यासारखे फारसे नव्हते, आणि यंत्रविद्येत गती नसल्यामुळे माझ्याकडून काही घडून येण्याचा धोकाही नव्हता. मला धोरणप्रमुख नेमण्यात आले.

पदभार स्वीकारताच जो तो आपापली अपेक्षा घेऊन भेटीस आला. विक्री विभागाला असे यंत्र हवे होते की जे तीन मिनिटांत कर्ज मंजूर करील; वसुली विभागाला असे, की जे कोण बुडवणार हे कर्ज देण्यापूर्वीच सांगेल; आणि ही दोन यंत्रे एकमेकांना भेटली तर काय होईल, याची काळजी दोघांनाही नव्हती. जाहिरात विभागाला यंत्र नको होते, त्याचे चित्र हवे होते: निळ्या चेहऱ्याचा यंत्रमानव हनुवटीवर बोट ठेवून विचार करतो आहे, असे वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठासाठी. हिशेब विभागाची विचारणा सर्वांत निर्मळ होती. खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा एवढेच त्यांना कळायला हवे होते.

विक्रेत्यांविषयी तर स्वतंत्र प्रकरण लिहावे लागेल. व्याजाचा हप्ता काढून देणारी जी प्रणाली आम्ही कैक वर्षे वापरीत होतो, तीच एके दिवशी नव्या वेष्टनात, दुप्पट किमतीत आणि 'आता एआयसह' अशी पाटी लावून आमच्यापुढे सादर करण्यात आली. आत काय बदलले असे विचारता, उजव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक चांदणी दाखवण्यात आली. प्रत्येक सादरीकरणात एक डोंगर असे, त्याच्या पायथ्याशी आमची कंपनी असे आणि शिखरावर एक झेंडा असे. वर चढायची वाट मात्र विक्रेत्याच्या कचेरीतूनच जात असे. पायलट, पीओसी, यूज केस, गव्हर्नन्स हे शब्द मी इतक्या वेळा ऐकले, की घरी भाजी आणण्याविषयी विचारणा झाली तेव्हा यात यूज केस कोणती, असे शब्द माझ्या तोंडून निघून गेले. त्यावर जे उत्तर मिळाले ते गव्हर्नन्सच्या सदरात मोडते.

अखेर यंत्र आले. दिवाळसणाला आलेल्या जावयाप्रमाणे त्याचे स्वागत झाले, म्हणजे सर्वांनी त्याच्याभोवती गर्दी केली, कोणी त्याला काम सांगितले नाही आणि त्याच्याविरुद्ध बोलण्याची कोणाची छाती झाली नाही. परंतु त्याला माहिती पुरवावी लागते, असे त्याच्याबरोबर आलेल्या तरुण तज्ज्ञाने सांगितले, म्हणून आमची सारी जुनी कर्जप्रकरणे त्याच्या हवाली करण्यात आली. महिनाअखेर तो तरुण धावत माझ्या केबिनमध्ये आला. त्याचा चेहरा उजळला होता.

"सर, फ्रॉड रिंग सापडली!"

यंत्राने शोधून काढले होते की, सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाखेच्या कर्जदारांपैकी एक फार मोठा गट, वये निरनिराळी, गावे निरनिराळी, आडनावेही निरनिराळी असताना, एकाच तारखेला जन्मलेला आहे: एक जून. योगायोगाने असे घडण्याची शक्यता किती नगण्य आहे, हे दाखवणारा एक आलेखही त्याने सोबत आणला होता. मी शाखेला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. पडद्यावर शाखेतले जुने कारकून आले. सारा तालुका त्यांना अण्णा म्हणतो.

"अण्णा, ही एवढी माणसं एक जूनला कशी जन्मली?"

"जन्मली नाहीत साहेब, शाळेत गेली," अण्णा म्हणाले. "नाव घालायला आई घेऊन यायची. तारीख विचारली तर तिला काय ठाऊक? गुरुजी एक जून लावून मोकळे. वय तेवढं बसलं पाहिजे."

"मग खरी जन्मतारीख?" तज्ज्ञाने विचारले.

"दुष्काळाच्या सालची. ज्वारी खळ्यावर होती म्हणतात."

"हे कोणत्या फील्डमध्ये भरू?" असे त्याने मला अत्यंत प्रामाणिकपणे विचारले, आणि तपास पूर्णत्वास न्यावा म्हणून यंत्राला कर्मचाऱ्यांची यादीही पुरवली. त्या यादीतून यंत्राने संशयित म्हणून प्रथम अण्णांचे नाव काढले आणि त्यानंतर आमच्या व्यवस्थापकीय संचालकांचे. त्यांचे बालपण मराठवाड्यात गेले होते. तपास त्याच दिवशी 'तांत्रिक कारणास्तव' बंद करण्यात आला.

यंत्र निर्बुद्ध होते, असे मी म्हणणार नाही. कागदावर जे होते ते त्याने आमच्यातल्या कोणाहीपेक्षा जलद आणि बारकाईने वाचले होते. कागदावर जे नव्हते ते मात्र अण्णांना माहीत होते. आमच्याकडील कागद आणि वस्तुस्थिती यांचा संबंध फार दूरच्या भाऊबंदांसारखा असल्यामुळे, म्हणजे नाव एक आणि जाणेयेणे नाही, ही अडचण पावलोपावली येऊ लागली. एका ट्रॅक्टरच्या प्रकरणात अर्जदाराच्या सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून त्याच्या आजोबांचे नाव होते. आजोबा निवर्तून तप उलटले होते, पण वारसांचा फेरफार झालेला नव्हता. यंत्राने दोघांची पत तपासली. नातवाने मोबाइल हप्त्यावर घेऊन दोन हप्ते चुकवले होते, सबब तो नापास. आजोबांच्या नावावर मात्र एवढ्या काळात एकही थकबाकी नाही, एकही चेक परत गेलेला नाही, कोणाशी वाद नाही, असे आढळून आल्यामुळे यंत्राने ट्रॅक्टर आजोबांना द्यावा अशी शिफारस केली. यात यंत्राला हसण्यासारखे काही नाही. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी शासनालाच 2025 साली 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढावी लागली. तेव्हा आजोबा जिवंत आहेत अशी जी समजूत यंत्राची झाली, ती प्रत्यक्ष सरकारदप्तराचीही होती. शिवाय 300 ते 900 या पट्टीवर माणसाची पत मोजण्याची जी रीत आपल्याकडे रूढ झाली आहे, तीत ज्याने जन्मात कोणाचे देणे केले नाही त्याची पत उमटतच नाही. म्हणजे कर्ज मिळण्यासाठी आधी कर्ज काढलेले असावे लागते. हा नियम माणसांनी केला आहे, यंत्राने नव्हे.

यानंतर तगाद्याचे काम यंत्राकडे सोपवण्यात आले. थकबाकीदारांशी मराठीत संभाषण करणारा एक बॉट सुरू झाला. माणसाने करावयाच्या तगाद्यात आवाज चढतो, फोन आपटला जातो आणि नंतर तक्रारी येतात. बॉट मात्र इतका सुशील होता की, एकदा थकबाकीदार झालेली माणसे त्याच्याशी गप्पा मारण्यासाठी थकबाकीदारच राहू लागली. एका दुग्धव्यावसायिकाने रात्री त्याला सांगितले की म्हैस आटली आहे. बॉटने हळहळ व्यक्त केली, म्हशीच्या आहाराविषयी चौकशी केली, सरकीच्या पेंडीविषयी दोन सूचना केल्या आणि अखेरीस लिहिले, 'आपण चिंता करू नये. म्हैस पुन्हा दुधावर आल्यावर उर्वरित हप्ते भरावेत.' दुसऱ्या दिवशी सकाळी तो गृहस्थ या मजकुराची छापील प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून शाखेत हजर झाला आणि तिची पोच मागू लागला.

आता ही मुदतवाढ दिली कोणी? विधी विभागाने मत दिले की बॉट हा कंपनीचा मुखत्यार नव्हे. मनुष्यबळ विभागाने त्याला दुजोरा दिला, कारण त्याला कर्मचारी क्रमांक नव्हता. संगणक विभाग म्हणाला, बॉट विक्रेत्याचा. विक्रेत्याने करारातले एक कलम दाखवले, ज्यात बॉटच्या कोणत्याही बोलण्यास विक्रेता जबाबदार नाही असे बारीक अक्षरांत छापले होते, आणि त्या करारावर आमच्याच तीन विभागांनी 'आमच्या बाजूने हरकत नाही' असे लिहिले होते. कॅनडात एअर कॅनडा या विमान कंपनीवर हाच प्रसंग गुदरला होता. आजीच्या निधनानंतर प्रवास करणाऱ्या एका उतारूला कंपनीच्या बॉटने भाड्याच्या सवलतीविषयी चुकीची माहिती दिली, आणि प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले तेव्हा कंपनीची भूमिका अशी होती की, बॉटच्या बोलण्याला कंपनी बांधील नाही, जणू तो कोणी स्वतंत्र इसम आहे. न्यायाधिकरणाने 2024 साली हे म्हणणे फेटाळले आणि उतारूला भरपाई देवविली. आमच्या विधी सल्लागारांना हा निवाडा दाखवला, तेव्हा त्यांनी तो बारकाईने वाचला आणि आपला देश कॅनडा नाही, एवढे एकच वाक्य शेऱ्यात लिहिले. खाली सही नव्हती.

तिथे माझ्या ध्यानात आले की, आमच्या कंपनीत उणीव होती ती बुद्धीची नव्हे. बुद्धी, नैसर्गिक असो वा कृत्रिम, भाड्याने मिळते, दरमहा मिळते, आणि वर्षाची रक्कम एकरकमी भरल्यास सवलतीतही मिळते. दुर्मीळ वस्तू निराळीच होती. कर्ज देणाऱ्या कोणत्याही कचेरीचे सगळे मजले, सगळ्या समित्या आणि सगळे शेरे एका गोष्टीसाठी उभारलेले असतात, की सही पडावी पण ती आपली नसावी. आणि यंत्राविषयी सर्वांना जो एकाएकी जिव्हाळा उत्पन्न झाला, त्याचे मर्म हे, की निर्णय घेणारा आणि सही न करणारा असा अधिकारी प्रथमच बाजारात विकत मिळू लागला होता. यंत्र जलद चालते हा तर त्याचा गुण सांगतात. पण न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात 1 ऑगस्ट 2012 रोजी नाइट कॅपिटल या पेढीच्या आठ सर्व्हरांपैकी एकावर नवी आज्ञावली चढवायची राहून गेली आणि सुमारे पाऊण तासात 44 कोटी डॉलर बुडाले, तेव्हा ती चूक माणसाची की यंत्राची याचा खल करायलासुद्धा कोणाला पाऊण तास पुरला नसता.

रिझर्व्ह बँकेला हे आमच्याआधी कळले असावे. आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली तिने डिसेंबर 2024 मध्ये जी समिती नेमली, तिचा अहवाल ऑगस्ट 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सात सूत्रे आणि 26 शिफारशी आहेत. विश्वास हा पाया असावा, माणूस प्रथम असावा, यंत्राचे म्हणणे उमजण्याजोगे असावे अशी ती सूत्रे आमच्या कचेरीत सर्वांना एकदम पसंत पडली आणि स्वागतकक्षात फलकावर लावण्यातही आली. उत्तरदायित्वाचे जे सूत्र होते, की यंत्र वापरील त्या संस्थेनेच त्याच्या निर्णयाचा जाब दिला पाहिजे, ते फलकाच्या खालच्या भागात, कुंडीमागे आले.

अहवालाप्रमाणे संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण हवे, म्हणून मी मसुदा सादर केला. त्याचा बराचसा भाग यंत्रानेच लिहिला होता, आणि म्हणूनच तो कोणालाही न दुखावणारा, अत्यंत सुसंस्कृत आणि निरर्थक उतरला होता. सभेत त्याची वाखाणणी चालली असता एका स्वतंत्र संचालिकेने हात वर केला. त्यांची सारी नोकरी बँकेच्या तपासणी खात्यात गेली होती आणि कागद त्या शेवटच्या पानापासून वाचत.

"यंत्राने दिलेलं कर्ज बुडालं, तर मी कोणाला विचारायचं?"

"मॅडम, मॉडेल रिट्रेन करता येईल," सल्लागार म्हणाले.

"ते यंत्राचं झालं. मी माणसाचं विचारते आहे. शेवटच्या पानावर 'जबाबदार अधिकारी' असं छापलंय आणि पुढची जागा कोरी आहे."

सभागृहातील सर्व नजरा माझ्याकडे वळल्या, आणि मला धोरणप्रमुख का नेमले होते याचा उलगडा एका क्षणात झाला. तथापि वसुली खात्यात माणूस आणखी एक गोष्ट शिकतो: देणे एकट्याच्या अंगावर घ्यावयाचे नसते, जामीन धरावयाचे असतात. मी विनयपूर्वक उभा राहिलो आणि सुचवले की, यंत्राच्या प्रत्येक निर्णयाखाली, ज्या विभागाला त्या निर्णयाचे श्रेय हवे असेल त्याच्या एका अधिकाऱ्याने आपले पूर्ण नाव लिहून सही करावी, आणि नकार असेल तर त्याचे कारण अर्जदाराला समजेल अशा मराठीत वर लिहावे. संचालिकेने ताबडतोब अनुमोदन दिले. बाकीच्यांना हरकत घ्यावयाची होती, पण ती इतिवृत्तात नावानिशी नोंदली जाईल असे सचिवांनी सांगितल्यावर ठराव एकमताने संमत झाला.

त्याचे परिणाम विलक्षण झाले. तीन मिनिटांत मिळणारे कर्ज तीन दिवसांवर गेले, आणि विक्रीप्रमुख माझ्याशी बोलेनासे झाले. परंतु सही करण्यापूर्वी अधिकारी यंत्राने काय लिहिले आहे ते वाचू लागले; वाचल्यावर काही न कळल्यामुळे शाखेला फोन करू लागले; आणि अण्णांचा फोन दिवसभर व्यग्र लागू लागला. शिवणयंत्रासाठी कर्ज मागणाऱ्या एका बाईला पूर्वी 'आपला अर्ज आमच्या अंतर्गत निकषांशी सुसंगत नसल्याचे खेदपूर्वक कळवण्यात येते' असे पत्र गेले असते; तिला आता असे गेले: 'ताई, तुमच्या मोबाइलच्या जुन्या हप्त्याचे पैसे राहिले आहेत. ते भरून पावती आणा, मग पुढचे बघू.' ती चौथ्या दिवशी पावती घेऊन आली. म्हशीवाल्या गृहस्थालाही मुदत मिळाली, एका शाखाधिकाऱ्याच्या सहीने. त्याने आधी गोठ्यात जाऊन म्हैस पाहिली होती.

गेल्या आठवड्यात यंत्राचा विक्रेता आपल्या माहितीपुस्तिकेसाठी अभिप्राय मागायला आला. कृत्रिम बुद्धिमत्तेपासून आपल्या संस्थेला झालेला सर्वांत मोठा लाभ कोणता, असे त्याने विचारले. आमचे अधिकारी कर्जप्रकरणाचे कागद वाचू लागले, असे मी सांगितले. त्याने ते 'उत्पादकतेत लक्षणीय वाढ' या मथळ्याखाली लिहून घेतले, सुबक छापून आणले, आणि खाली सही करावी म्हणून कागद माझ्यापुढे सरकवला. मी तो दोनदा वाचला, आणि 'विधी विभागाचा अभिप्राय घ्यावा' असा शेरा पेन्सिलीने मारून पुढे पाठवून दिला.